‘आपण’मध्ये कोण कोण

३ नोव्हेंबर, सोमवार

टिंग. जरा थांबून पुन्हा टिंग.

पहाटे या आवाजानं जाग आली. घरात असं वाजणारं काहीच नाही. मग लक्षात आलं, साहेबांची घंटी. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत साहेबांच्या टेबलावर पितळेची घंटी असायची, वरून तळव्यानं थाप मारायची. एकदा वाजली की शिपाई आत जाऊन चिठ्ठी घेऊन यायचा. दोनदा वाजली की आम्ही पत्रव्यवहार विभागातले सगळे आपापल्या खुर्च्या उचलून आत. एकदा वाजवायची की दोनदा, हे साहेब कसं ठरवत असतील? इतकी वर्षं नोकरी केली आणि हे विचारायचं कधी सुचलं नाही. आता साहेबही नाहीत आणि ती घंटीही कुठल्या भंगारात गेली असेल.

योगायोग बघा. केतकीनं आज गाडीत नेमका हाच विषय काढला.

केतकी माझी भाची. बाळकुमला तिचा गाळा आहे, शाळांसाठी तक्ते छापतात तिथे. मुळाक्षरं, प्राणी, नकाशे. सोम-बुध-शुक्र मला डोंबिवलीहून घेऊन जाते. तक्त्यांवरचं मराठी तपासणं हे माझं काम. खरं तर मी घरी एकटा राहू नये म्हणून तिनं काढलेलं काम, पण आता मलाच त्याची गोडी लागली आहे.

शीळफाट्याला गाडी अडकली ती अडकलीच. के. म्हणाली, रोज दहाला उभ्या उभ्या दोन शब्द बोलायचे असं ठरलं होतं. आता खुर्च्या येतात, चहा येतो, परवा तर भजी आली. अकरा वाजून जातात. तिनं सगळं लेखी करून पाहिलं तेव्हा वेगळाच ताप. एका टेप-कटरवरून दिवसभर मेसेज चालू.

“मामा, तू आयुष्यभर पत्रं लिहिलीस. तूच ठरव, कशाला बसायचं आणि काय लिहून कळवायचं.”

मला कुणी काही ठरवायला सांगितलं त्याला किती दिवस झाले! पुढचा ट्रक हलला कधी ते कळलंही नाही.

५ नोव्हें., बुध.

आज दहाच्या बैठकीत नुसता बघत बसलो. पक्षी बघायला जातात तसा.

मुळाक्षरांचा नवा तक्ता चालला आहे. ‘ण’ला बाण, ‘ळ’ला कमळ. मंदा वैती पॅकिंग सांभाळते. इथलीच, बाळकुमच्या कोळीवाड्यातली. तक्त्यांना दांड्या लावणं, गुंडाळणं, खोकी भरणं सगळं तिच्याकडे, आणि आवाज पूर्ण गाळ्याला पुरून रस्त्यावर जाईल असा. सगळ्यांना ‘तू’. केतकीला तू, मला तू, परवा शिक्षणाधिकारी आले होते त्यांनाही तू. तिच्या बोलीत दुसरं काही नाहीच.

तक्ता बघून म्हणाली, “मामा, आमच्यात ना ण हाय ना ल. ही दोन घरा आमच्या पोरांसाठी मोकलीच. भाड्यानी दे कोनाला तरी.”

सगळे हसले. त्यावरून तिच्या पोराच्या शाळेतली बाई, बाईचा नवरा, त्याची वर्सोव्याची बहीण, तिथून बर्फाचा कारखाना. चहा आला. के. घड्याळ बघत होती. मी मात्र रंगलो होतो. ‘बाण’ला ‘बान’ आणि ‘कमळ’ला ‘कमल’ म्हणणाऱ्या पोरानं हा तक्ता वाचायचा कसा, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

सुहास गायकवाड कोपऱ्यात चित्र काढत बसला होता. हा आमचा चित्रकार, विठ्ठलवाडीहून येतो. बैठकीत एक शब्द नाही. मंदा त्याच्याबद्दल म्हणते, ह्याला देवानी तोंड फक्त जेवायला दिलाय.

आणि दुपारी त्याचा ग्रुपवर मेसेज. ण आणि ळ यांनी शब्द सुरू होत नाही. म्हणून चित्र बघून मुलाला ते अक्षर आधी ऐकू येत नाही. बाणातला ‘ण’ वेगळ्या रंगात छापू या आणि चित्रातही बाणाचं टोक त्याच रंगात दाखवू या. म्हणजे घरी काहीही म्हणत असला तरी शोधायचं काय हे त्याला कळेल.

किती स्वच्छ लिहिलं आहे. सकाळी का नाही बोलला?

६ नोव्हें., गुरु.

घरी. बी.पी.ची गोळी विसरलो, नंतर घेतली.

दिवसभर तोच विचार. शाळेत गुरुजी कविता शिकवायच्या आधी पुस्तकं मिटायला लावायचे. आधी नुसतं ऐका. होडीची कविता त्यांनी अशी म्हटली होती की मागच्या बाकावर आम्ही खरोखर डोलत होतो. मग म्हणाले, आता पुस्तक उघडा. कागदावर बघतो तर काय, होडी थांबलेली. ओळी सरळ, स्वच्छ, कोरड्या. पण मग अशी गंमत झाली की कागदावर बघितल्यावर एक शब्द दिसला जो ऐकताना निसटला होता. म्हणजे दोन्ही लागतं? पण कशाच्या आधी काय?

कच्चा नियम १. तारीख, माप, पत्ता, कुणी काय आणायचं, जे पुन्हा उघडून बघावं लागतं, ते लिहावं.

कच्चा नियम २. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येणार असेल तर लिहून विचारावं. ‘नाही म्हणजे…’ असं येणार असेल तर बसावं.

दुसरा नियम मला फार आवडला. दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिला. आपल्या लोकांचं अर्धं मन त्या ‘म्हणजे’च्या पुढच्या टिंबांत असतं. मेसेजमध्ये लोक टिंबंही देत नाहीत.

संध्याकाळी के.ला फोन करून सांगितला. हसली. म्हणाली, “मामा, आमच्याकडे प्रत्येक उत्तर ‘नाही म्हणजे’नंच सुरू होतं.”

७ नोव्हें., शुक्र.

जेवणाच्या सुट्टीत सुहासला विचारलं, तू समोर का बोलत नाहीस रे. तो डब्याचं झाकण लावत राहिला. मग म्हणाला, त्याला बोलायला वेळ लागतो. शब्द सापडेपर्यंत विषय वर्सोव्याला गेलेला असतो.

मी हसलो. तो हसला नाही.

“आणि काका, बोललेलं कुणाच्या नावावर राहत नाही. पप्पा सांगायचे, आपलं म्हणणं कागदावर पाहिजे. तोंडी बोललेलं नाकारतात. मग तुम्ही एकटे पडता.”

त्याचे वडील कारखान्यात होते, युनियनचे अर्ज तेच लिहायचे. हे मला माहीत नव्हतं. माझ्यासाठी लिहिणं म्हणजे सुबक अक्षर आणि ‘आपला विश्वासू’. त्याच्यासाठी ते पायाखालची फरशी आहे. असं कधी पाहिलं नव्हतं मी लिहिण्याकडे.

दुपारी के.नं निर्णय घेतला. रोजची बैठक बंद. कामाचं लेखी. गरज पडली तर बसू. प्रत्येकाला नावानं वेगळा निरोप पाठवायचा, कारण ग्रुपवर टाकलं की अंगठे आणि फुलं येतात आणि मुख्य मजकूर वर निघून जातो. “तू लिही,” म्हणाली, “चांगल्या मराठीत.”

लिहिला:

‘नमस्कार मंदाताई, सोमवारपासून आपण रोज दहा वाजता बैठकीस येण्याची आवश्यकता नाही. जे कळवायचे ते लेखी कळवले जाईल. – केतकी’

नाव बदलून सगळ्यांना. आटोपशीर झाला आहे. एक शब्द जास्त नाही. बऱ्याच दिवसांनी असं काही लिहिलं, मनाला बरं वाटलं.

१० नोव्हें., सोम.

दहा वाजले आणि काही झालं नाही. किती विचित्र शांतता! मशीनचा आवाज, कागदाचा आवाज. के. खूश. साडेदहाला तिनं दोन शाळांना फोनही करून टाकले.

मंदा आली नाही. बरं नसेल. के.नं ‘कशी आहेस?’ विचारलं, उत्तर आलं ‘बरी’. एवढंच. मंदाकडून एका शब्दाचं उत्तर म्हणजे ताप बराच असणार.

मंदा नाही तर गाळा मोठा वाटतो. चहाच्या वेळी ती म्हणते, “ए मामा, बोल ती होडीची.” मी म्हणतो. ती मध्येच म्हणते, होडी अशी नाय चालत, पन बोल तू, चांगली वाटते. आज कुणी म्हटलं नाही. मीही आपण होऊन कशाला म्हणू.

१२ नोव्हें., बुध.

आज जे झालं ते नीट, क्रमानं लिहून ठेवतो.

सकाळी एक गोष्ट लक्षात आली होती. सोमवारी सुहासचा मेसेज आला नाही, कालही नाही, आजही नाही. मला वाटलं होतं आता तर त्याचंच राज्य. विचारलं. खांदे उडवून म्हणाला, लिहायला काही नाही.

मग दुपारी टेंपो आला. टेंपोवाला बबन हा मंदाचा दीर. खोकी उचलायला कुणी नाही म्हणून मीच दारात उभा. त्याला विचारलं, वहिनीचा ताप उतरला का. तो माझ्याकडे बघतच राहिला.

“ताप कसला? तुमीच काडला ना तिला.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. के. बाहेर आली. तिनं विचारलं, कुणी काढलं, कधी काढलं.

“कागद आला ना तिला. फोनवर. आपण येऊ नये म्हनून.”

आपण.

मी तिथेच खोक्यावर बसलो.

बबन सांगत गेला ते असं. मंदानं मेसेज वाचला आणि दोनदा वाचला. पहिलं म्हणजे ‘मंदाताई’. केतकी तिला कायम ‘मंदा’, ‘ए मंदे’ म्हणते. “वहिनी बोलली, मला आजपर्यंत कोनी ताई बोलला नाय. काडायचा असला का आदी मान देतात.” दुसरं म्हणजे ‘आपण’. तिच्या घरात आम्ही-तुम्ही-सगळे मिळून जे असतं ते ‘आपून’. ‘आपण’ हा शब्द तिनं आयुष्यात एकाच कागदावर पाहिलेला. आधी ज्या कारखान्यात होती तिथून कमी केलं तेव्हाचा कागद. आपणांस कळविण्यात येते की. त्यामुळे तिला सरळ वाचता आलं. बैठकीला सगळे बसणार, तू येऊ नकोस, फार बोलतेस. आणि आज बैठकीला नको म्हणजे उद्या कामाला नको. मग वाट कशाला बघायची? तिनंच यायचं बंद केलं.

कापूरबावडीला एका औषधांच्या पॅकिंगवाल्यानं तिला बोलावलंय. सोमवारपासून. तिनं अजून हो म्हटलेलं नाही, पण नाहीही नाही.

के. मंदाचा नंबर लावत आत गेली. आधी मला चार शब्द सुनवायला हवे होते.

रात्री. ‘आपण’. सर्वनामांच्या धड्यात होतंच की. एक आपण म्हणजे तू आणि मी धरून सगळे. दुसरा आपण म्हणजे समोरचा एकटा, आदरानं. एकाच शब्दात एक दार उघडं आणि एक बंद. मी लिहिलं तेव्हा माझ्या मनात पहिला होता. बोललो असतो तर हात सगळ्यांभोवती फिरवला असता. कागदावर हात दिसत नाही. आणि वर मी एकेकीला, एकेकाला वेगळा पाठवला. प्रत्येक जण आपल्या खोलीत एकटा आणि हातात ‘आपण’. बाकीच्यांना बरोबर कळलं कारण बाकीच्यांना काढलं जाईल अशी भीती नव्हती. हे मला आत्ता कळतं आहे.

१३ नोव्हें., गुरु.

के.चा फोन. मंदा फोन उचलत नाही. तिनं मला सांगितलं, दुसरा मेसेज लिही, असा की पुन्हा गोंधळ नको.

बसलो. अवघड प्रकरण आहे.

‘आम्हाला तुमची गरज आहे.’ आम्हाला म्हणजे ती सोडून बाकीचे. खोडलं.

‘आम्ही सर्वजण…’ तेच. ‘आम्ही’ लिहिलं की ती बाहेर उभी.

‘तुम्ही गैरसमज करून घेऊ नये.’ परत कारखान्याचा कागद. आणि गैरसमज तिचा कसा? समज तर बरोबर होता, शब्दच दुतोंडी.

‘आपण सगळे…’ हात पुढे जाईना.

एकूण एका साध्या बाईला परत बोलवायला माझ्याजवळ सर्वनाम नाही. आयुष्यभर हीच अवजारं चालवली. गंमतही वाटते आणि कसंसंही होतं.

शेवटी लिहिलं, ‘मंदा, तू ये.’ एवढं बरोबर आहे. पण हे बघितलं की वाटतं, हे लिहायचं कशाला, हे तर म्हणायचं असतं. कच्चा नियम ३ होऊ शकेल. पण कसा मांडायचा?

सुहासला फोन केला. त्याचं मत ठाम. “काका, जे लेखी दुखवलं ते लेखीच दुरुस्त करा. तुम्ही तोंडी गोड बोलाल, पण तिच्या फोनमध्ये काय राहील? तोच मेसेज. उद्या भांडण झालं की तोच उघडून बघेल.”

के. म्हणते, प्रत्यक्ष जा.

दोघंही बरोबर वाटतात. हा माझा जुना घोळ.

१४ नोव्हें., शुक्र.

गेलो. गाळ्यापासून चालत. मोठ्या इमारतींच्या मागे अजून ती वस्ती आहे. वर बाविसाव्या मजल्याची गॅलरी आणि खाली जाळी वाळत घातलेली. मंदाचं घर विचारलं तर तीन जणांनी तीन दिशांना हात केले आणि तिन्ही बरोबर निघाले.

ओट्यावर तिची सासू लसूण सोलत होती. म्हणाली, बस. आतून मिक्सरचा आवाज येत होता. मी मंदा आहे का विचारलं आणि मिक्सर थांबला. सासू म्हणाली, नाय.

मग मी बोललो. काय बोललो देव जाणे. आधी केतकीकडून, मग माझ्याकडून, मग ‘आपण’ या सर्वनामाचे दोन अर्थ. एक समावेशक आणि एक आदरार्थी. ओट्यावर बसून मी त्या माउलीला व्याकरण शिकवत होतो. ती पाकळी सोलायची, माझ्याकडे बघायची, पुढची पाकळी घ्यायची. मी ‘आदरार्थी’ म्हटलं तेव्हा आतून मिक्सर जोरात सुरू झाला. ‘समावेशक’वर पुन्हा बंद. म्हणजे ऐकत होती.

शेवटी सासू म्हणाली, सांगते. चहा विचारला, मी नको म्हटलं. घ्यायला हवा होता. थोडा वेळ अजून बसता आलं असतं.

परतताना वाटलं, तोंडी निरोपही शेवटी दुसऱ्याच्या तोंडूनच जाणार. माझ्या त्या सगळ्या पाल्हाळातून सासू काय उचलेल? ‘बैठक’? ‘चूक’? ‘शाळेचे मास्तर आल्ते’?

गाळ्यात सुहासनं एकच विचारलं. “हातात काय देऊन आलात?”

काही नाही.

१५ नोव्हें., शनि.

मंदाकडून काही नाही. परवा सोमवार. के.नं तिच्या जागी कुणाला शोधायला अजून सुरुवात केलेली नाही. म्हणते, शोधलं तर खरंच काढल्यासारखं होईल.

दुपारी सुहासचा फोन. तो फोन कधीच करत नाही, म्हणून आधी घाबरलो. त्यानं मंदाला स्वतः मेसेज केलाय. मला वाचून दाखवला. स्वतः लिहिलेलं मोठ्यानं वाचताना अडखळत होता.

‘मंदा, मीटिंग सगळ्यांचीच बंद आहे. मला पण तोच मेसेज आला, माझ्या नावानी, खाली फोटो टाकतो तो बघ. आणि एक. तू बोलायचीस त्याची उत्तरं मी दुपारी लिहायचो. ण-ळ चं पण तू बोललीस म्हणून सुचलं. आता आठवडाभर मी काही लिहिलं नाही. – सुहास’

त्याला पुन्हा एकदा वाच म्हटलं. तो म्हणाला, काका, ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय का कुठे?

म्हटलं, नाही रे. काही चुकलेलं नाही.

माझ्या दोन्ही नियमांत ही गोष्ट कुठेच बसत नव्हती. मी बैठक एका पारड्यात आणि लिहिणं दुसऱ्यात घालून काटा बघत होतो. इथे एकाचं बोलणं दुसऱ्याचं लिहिणं होऊन येत होतं. बैठक बंद केली आणि त्याचं लिहिणंही आटलं, हे डोळ्यांसमोर घडत असताना मी त्याला विचारत होतो, का रे लिहीत नाहीस.

सुहास म्हणाला, मंदानं मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर नाही.

१६ नोव्हें., रवि.

सकाळी फडके रोडपर्यंत चक्कर. गुडघा बरा. दही आणलं.

के.साठी नियम नीट लिहून द्यायचे म्हणून बसलो आहे. पहिला ठीक. दुसरा के.ला पटलेला नाही पण ठेवतो. तिसरा असा काहीसा. ज्या बोलण्यात कुणाला तरी आपण आत की बाहेर असा प्रश्न पडू शकतो, ते बोलणं

बेल वाजली.

*

स्वयंपाकघरातून लिहितो आहे, चहा ठेवला आहे तेवढ्यात.

मंदाची सासू. दारात ती उभी! एकटी. बाळकुमहून डोंबिवली, बबनच्या टेंपोत. माझा पत्ता केतकीकडून घेतला म्हणे, आज सकाळीच. के.नं मला कळवलं नाही, की कळवायचं नाही असं ठरलं होतं कोण जाणे. मंदा खाली टेंपोत बसली आहे, वर येणार नाही म्हणते. उद्या सकाळी कापूरबावडीला जायचं की गाळ्यात, ते अजून ठरलेलं नाही. ठरवायलाच आलेत.

परवा ओट्यावर जिनं तासाभरात चार शब्द काढले नाहीत ती इथे खुर्चीवर बसायच्या आधीच सुरू झाली. त्या पोरानी लिवलेला मंदानी परतपरत वाचला. फोटोपन बघितला. म्हनून आलो. पन तो पोर पोर हाय. तू मोटा. तू कागद लिवलास, तर तूच सांग.

मी म्हटलं, विचारा ना.

तिनं पदर सावरला, नीट बसली. मग माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, “तू बोललास ना आपून-आपून. त्यात कोन कोन?”

असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. व्याकरणाच्या कुठल्या परीक्षेतही नाही. मी बोटांवर मोजायला लागलो. केतकी, सुहास, मशीनवरचे दोघे, बबन, मी…

तिनं हात वर करून थांबवलं. “माज्यासमोर नको. खाली ये, तिच्यासमोर मोज.”

म्हटलं, चहा तर घ्या. तिनं मान हलवली. घेईल बहुतेक.

चहाला उकळी येते आहे. खिडकीतून टेंपो दिसतो, मंदा दिसत नाही, पुढच्या सीटवर नुसता पदर दिसतो हिरवा. खाली गेलो आणि ती म्हणाली की आधी कुणाचं नाव घेतलंस, तर काय सांगू? तिचं पहिलं घेतलं तर म्हणेल मान देतोस, आता खरंच काढणार. शेवटी घेतलं तर

बाहेरून सासू विचारते आहे, लिवत काय बसलास.